पाचशे बैठका

श्यामसुंदरचा थोरला भाऊ मधुकर चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि टेबलावर मान टाकली ती टाकलीच. आधी महिनाभर त्याच्या छातीत कळा येत होत्या आणि तो सोडा पिऊन वेळ मारून नेत होता. तेराव्याला पंगत बसली, पानात लाडू आला, तसा श्यामसुंदरने तो उचलला आणि समोरच्या भिंतीवर फेकून मारला.

"हेच खाऊन मेला तो," एवढंच म्हणाला आणि पानावरून उठला. भिंतीवर तुपाचा डाग पडला. बाकीची पंगत खाली माना घालून जेवत राहिली.

जयमालाला त्या दिवशी नवऱ्याची फार दया आली. पुढची दोन वर्षं तिने त्या दयेवरच काढली.

ही ब्याऐंशी सालातली गोष्ट. ही मंडळी वर्षभरापूर्वीच लालबागच्या चाळीतून वाशीला राहायला आली होती. दोन खोल्या, स्वतःचा नळ, मागे गॅलरी आणि इमारतीच्या पलीकडे खाडीपर्यंत मोकळं रान. श्यामसुंदर तुर्भ्याला रसायनांच्या एका कारखान्यात शिफ्ट इनचार्ज होता. मूळचा कऱ्हाडकडचा, हाडापेराने मजबूत, दारूला न शिवणारा. जयमाला संगमेश्वरची, भातावर आणि नारळावर वाढलेली. मुलगी सुचित्रा तेव्हा दहा वर्षांची होती, आणि श्यामसुंदरची आई सरस्वतीबाई सत्तरीला टेकलेली. जयमाला तिला आत्याबाई म्हणायची.

मधुकरचे दिवस झाल्यावर श्यामसुंदरने पहिलं काम केलं ते म्हणजे गावाहून वडिलांचे व्यायामाचे मुदगल मागवले. शिसवी लाकडाचे, कमरेइतके उंच, एकेक चांगला सात-आठ किलोचा. पहाटे उठून तो दंड-बैठका काढू लागला. मग स्वयंपाकघराकडे वळला. साखर बंद. तूप बंद. नारळ बंद. भात आठवड्यातून एकदा. सकाळी कारल्याचा रस, दुपारी ज्वारीची भाकरी आणि मोड आलेली मटकी, रात्री नाचणीची आंबील. ओट्याच्या वर भिंतीला तक्ता चिकटवला, त्यात प्रत्येकाचं नाव आणि वारांप्रमाणे खाणं.

पहिले तीन महिने जयमालाला हे सगळं बरंच वाटलं, हे खोटं कशाला बोला. जिना चढताना तिला धाप लागायची ती थांबली. त्याचा जुना खोकला गेला. आपला नवरा भावाच्या मरणाने शहाणा झाला, असं ती माहेरच्या पत्रात लिहायची.

पहिली थप्पड बसली ती एका रविवारी, पावट्याच्या उसळीवरून. श्यामसुंदरने तेलाच्या डब्यावर पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती. ती आठवड्याआधीच खाली आली होती.

"किती चमचे घातलंस?" त्याने विचारलं.

"मोजलं नाही हो. फोडणीला लागतं तेवढं." ती हसली. तिला खरंच वाटलं की तो गमतीने विचारतोय.

हात कधी उठला ते तिला दिसलंच नाही. डाव्या कानात शिट्टी वाजल्यासारखा आवाज आला आणि पुढचे दोन दिवस तो गेला नाही. ती ओट्याला धरून उभी होती आणि श्यामसुंदर शांतपणे कढईतली उसळ मोरीत ओतत होता. कढई धुऊन त्याने जागेवर ठेवली. मग स्वतः टॉवेल ओला करून आणला आणि तिच्या गालावर धरला.

"मला हौस आहे का? मधूच्या बायकोला विचार, कुंकू पुसल्यावर कसं वाटतं ते. तुझ्याच भल्याचं आहे हे."

नंतर त्याने तिला कान धरायला लावले आणि पन्नास बैठका काढून घेतल्या. सुचित्रा दारात उभी राहून बघत होती.

त्या दिवसापासून घरात एक कायदाच झाला. तेल जास्त, शंभर बैठका. तक्त्यात नसलेलं खाल्लं, दीडशे. उलट बोललं, की आधी हात आणि मग बैठका. कारखान्यातून त्याने माणसं तोलायचा एक जुना काटा आणला. तो बाहेरच्या खोलीत ठेवला आणि दर रविवारी सकाळी सगळ्यांनी ओळीने त्यावर उभं राहायचं आणि आकडा वहीत उतरवायचा, असा नियम केला. पहाटे तो जयमालाला खाडीच्या बांधावर धावायला न्यायचा. ती पुढे धावायची, तो मागून सायकलवर. हँडलला वेताची छडी अडकवलेली असायची. ती मंदावली की छडी पोटरीवर बसायची. लांबून फिरायला येणाऱ्यांना एवढंच दिसायचं की एक नवरा बायकोसाठी पहाटे उठून सायकल हाकतो आहे.

शेजारी रहिमा राहायची. तिचा नवरा नझीर कांदा-बटाट्याच्या मार्केटमध्ये टेम्पो चालवायचा. माणसं मूळची उरणकडची. रहिमाची मुलगी शमीम आणि सुचित्रा एकाच वर्गात. एकदा गॅलरीत कपडे वाळत घालताना रहिमाने जयमालाच्या पोटऱ्या पाहिल्या.

"वहिनी, हे कशाचं हाय?"

"काटेरी झुडुपं आहेत ना बांधावर."

"बांदावर मिठागराचं पानी हाय न् चिखल हाय. मी तिकडचीच हाय, झुडुपं मना नको सांगू." रहिमाने पुढे काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या भिंतीपलीकडे भांडं जरी पडलं तरी ती हातातलं काम थांबवून ऐकायची.

जयमालाने भावाला सगळं लिहून कळवलं होतं. त्याचं उत्तर आलं. दाजी दारू पीत नाहीत, जुगार खेळत नाहीत, तब्येतीची काळजी घेतात, संसारात थोडं इकडंतिकडं व्हायचंच, तू जरा जिभेवर ताबा ठेव. तिने ते पत्र दोनदा वाचलं आणि चुलीत घालावं तर घरात गॅस होता, म्हणून फाडून टाकलं.

त्र्याऐंशीच्या गणपतीत सोसायटीने श्यामसुंदरचा सत्कार केला. शाल, नारळ, आणि 'निरोगी संसार' या विषयावर त्याचं भाषण. तो चांगला बोलला. आजार स्वयंपाकघरातून शिरतो, म्हणाला. घरच्या बाईने मनावर घेतलं तर डॉक्टरची पायरी चढावी लागणार नाही, म्हणाला. मग हात करून जयमालाला उभं केलं.

"ही दीड वर्षापूर्वी अडुसष्ट किलो होती. आज बावन्न आहे. विचारा तिला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जयमालाने पदर डोक्यावरून घेऊन डाव्या बाजूला पुढे ओढला होता, कारण कानाखाली आदल्या दिवशीचं काळंनिळं होतं. कार्यक्रमानंतर बायका तिच्याभोवती जमल्या. कसं केलंत हो, आम्हालाही सांगा. दुसऱ्या मजल्यावरची अरुणा तर वही-पेन घेऊन आली होती. जयमालाने तिला कारल्याच्या रसाची कृती सांगितली. सांगताना तिला आपलाच आवाज परका वाटला.

एक गोष्ट मात्र खरी होती. तिचं अंग पालटलं होतं. दंड भरले होते, मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. हात बारीक व्हावेत म्हणून तो तिला मुदगल फिरवायला लावायचा. आधी एक उचलताना खांदा निखळेल असं वाटायचं, आता तीस-चाळीस वेळा सहज फिरायचा. तिला त्याचा ना आनंद होता ना दुःख. बैलाला काय, नांगराने खांदा घट्ट झाल्याचा आनंद होतो?

दिवाळीच्या आधी गुळाचं प्रकरण झालं. सरस्वतीबाईंना गोडाची वासना आवरत नसे. म्हातारीचं तोंडच ते. दात नाहीत, मटकी चावत नाही, कारल्याने पोटात कळ येते. जयमाला तिला रोज सुपारीएवढा गुळाचा खडा गुपचूप द्यायची आणि म्हातारी तो पदराच्या गाठीत बांधून दिवसभर चघळायची. एके दिवशी दुपारी श्यामसुंदर पहिल्या पाळीवरून लवकर आला. आई झोपली होती. पदराच्या गाठीला मुंग्या लागल्या होत्या.

आईवर त्याने हात टाकला नाही. तो आत गेला. जयमाला भाकरी भाजत होती. त्याने तिचं मनगट धरलं, तव्यावरची भाकरी दुसऱ्या हाताने उडवून लावली आणि तिचा तळवा तव्यावर दाबला.

तिच्या तोंडून आवाज निघाला तो तिला स्वतःलाही ओळखू आला नाही. सरस्वतीबाई उठून दारात येऊन बसल्या होत्या. चौकटीला धरून नुसत्या बघत होत्या.

"माझ्या आईला विष घालतेस," तो म्हणाला, आणि हात सोडून बूट काढायला बाहेर गेला.

तो अंघोळीला गेल्यावर म्हातारी कुंडीतली कोरफड मोडून घेऊन आली. तिचा गर तिने जयमालाच्या तळव्यावर पसरला.

"तुजा सासरा बी असाच हुता," ती म्हणाली. "त्याला निमित्त दारूचं हुतं. ह्याला भाजीपाल्याचं."

"मग तुम्ही काय केलंत, आत्याबाई?"

"काय करनार. वाट बगितली. मेला तो."

तळवा भरून यायला दीड महिना लागला. कातडी आली ती गुलाबी आणि ताणलेली. मूठ पुरती वळत नव्हती. त्या दीड महिन्यात तिने एकदा सुचित्राला घेऊन बसस्टॉप गाठला, पिशवीत चार कपडे घेऊन. दोन गाड्या सोडल्या. तिसरी आली तेव्हा समोरून श्यामसुंदरच्या कारखान्यातले दोघे उतरले. वहिनी, कुठे निघालात, असं त्यांनी हसून विचारलं आणि ती पिशवी घेऊन परत आली. त्या संध्याकाळी दोघींनाही जेवण मिळालं नाही.

सुचित्रा आता बारा वर्षांची झाली होती. हाडाने बापासारखी रुंद. ताटात जेवढं पडेल तेवढं मुकाट्याने खायची आणि बापाच्या सायकलची घंटी वाजली की पाठीचा कणा ताठ करून बसायची. शाळा सुटल्यावर मात्र ती शमीमबरोबर तासभर अभ्यासाला जायची. रहिमा दोघींपुढे भात आणि बांगड्याचं कालवण ठेवायची. जयमालाला ते ठाऊक होतं. मुलीच्या बोटांना येणारा वास तिने एक दिवस साबणाने स्वतः धुतला होता.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमधला रविवार होता. सकाळचे आठ वाजले असतील. काट्यावर आधी सरस्वतीबाई उभ्या राहिल्या, मग जयमाला. मग सुचित्रा. काटा हलून थांबला. श्यामसुंदरने वाकून पाहिलं, वहीतले मागचे आकडे पाहिले आणि पुन्हा वाकून पाहिलं.

"साडेतीन किलो. दोन महिन्यांत साडेतीन किलो. कुठे खातेस?"

सुचित्रा काट्यावरून उतरली.

"अहो, मोठी झाली ती," जयमाला म्हणाली. "गेल्याच आठवड्यात तिला पाळी आली. या वयात मुलींचं अंग भरतं."

"तुला विचारलं? कुठे खातेस, सुचित्रा?"

"शमीमकडे," ती म्हणाली.

"काय खातेस?"

"भात. मासे."

श्यामसुंदरने मान हलवली, जणू त्याला हवा तो आकडा मिळाला. "पाचशे," तो म्हणाला. "मोठ्याने मोजायच्या."

सुचित्राने उजव्या हाताने डावा कान धरला, डाव्याने उजवा, आणि सुरुवात केली. तो छडी घेऊन तिच्या बाजूला उभा राहिला. शंभरपर्यंत आवाज नीट येत होता. दीडशेला तिचे गुडघे थरथरायला लागले. एकशे ऐंशीला ती खाली बसली ती उठेना, तेव्हा पोटरीवर छडी बसली. ती उठली. पुन्हा बसली, पुन्हा छडी. जयमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. प्रत्येक वेळी छडीचा आवाज झाला की तिच्या स्वतःच्या पोटऱ्या आखडत होत्या. दोनशे चौदाला मुलगी बाजूला कोसळली.

"पुरे आता," जयमाला पुढे होऊन म्हणाली.

त्याने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. नुसता हात मागे फेकला. त्याच्या मुठीचं हाड तिच्या तोंडावर बसलं आणि तोंडात गरम काहीतरी भरलं. जिभेला दाताचा तुकडा लागला. ती भिंतीला टेकली.

"ऊठ," तो मुलीला म्हणाला. सुचित्राला उठता येत नव्हतं. त्याने तिची वेणी धरली आणि तिला ओढून गुडघ्यांवर आणलं. त्या ओढाताणीत मुलीला उलटी झाली. सकाळचा रस, पाणी, सगळं फरशीवर आलं. त्याने वेणी तशीच धरून तिचं तोंड त्या ओकारीवर दाबलं.

"बघ. काय घालतेस पोटात ते बघ. नीट बघ."

मुदगल दाराच्या मागे, नेहमीच्या जागी होते. जयमालाने एक उचलला. रोज सकाळी जसा दोन्ही हातांनी उचलायची तसाच, आणि रोजच्यासारखाच डोक्यामागून फिरवून आणला. तो त्याच्या उजव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज वाळकी फांदी मोडावी तसा स्पष्ट आला.

श्यामसुंदरच्या हातातून वेणी सुटली. तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"जयमाला," तो म्हणाला, तिला काहीतरी दाखवायला हाक मारावी तसा.

दुसरा घाव तिने गुडघ्यावर घातला. तो खाली आला, काट्यावर आपटला, काटा उलटला. तो डाव्या हाताने सरपटत मागे जाऊ लागला आणि तिने तिसरा घाव पुन्हा त्याच गुडघ्यावर घातला. आता तो ओरडला. ती त्याच्यावर उभी राहिली आणि मुदगल परत वर नेला. या वेळी तिची नजर त्याच्या कपाळावर होती. तिच्या मनात त्या क्षणी संताप नव्हता. खूप दिवस अडलेलं काम हातावेगळं होत असावं तसं तिला मोकळं वाटत होतं, आणि त्या मोकळेपणाची भीती तिला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिली.

"डोस्क्यात नगं," सरस्वतीबाई पलंगावरून म्हणाल्या. "मरंल."

म्हातारीच्या आवाजात रडं नव्हतं. भात उतू चाललाय, असं सांगावं तसं ती सांगत होती. जयमालाचे हात वरच थांबले. मग हळूहळू खाली आले. तिने मुदगल भिंतीला टेकवून ठेवला आणि सुचित्राचं तोंड पदराने पुसलं.

दार वाजत होतं. कधीपासून वाजत होतं कोण जाणे. तिने कडी काढली. रहिमा आणि तिच्यामागे नझीर. नझीरने आत एक नजर टाकली, खाली गेला आणि टेम्पो दारात आणून लावला. चार माणसांनी श्यामसुंदरला सतरंजीवर घालून उतरवलं. जिन्यात दारं उघडली होती. अरुणा कठड्याला धरून उभी होती. जयमालाच्या हनुवटीवरून गळ्यापर्यंत रक्त आलं होतं, आणि या खेपेस पदर ओढून घ्यायचं तिला सुचलं नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं. खांद्याचं हाड मोडलं होतं, गुडघ्याच्या वाटीचे तुकडे झाले होते.

"कसं झालं?"

श्यामसुंदर घामाने भिजला होता, पण शुद्धीत होता. "मुदगल फिरवत होतो. तोल गेला. जिन्यावरून पडलो."

"आणि यांच्या तोंडाला?"

"मला सावरायला आली. तिलाही लागलं."

बोलून त्याने जयमालाकडे पाहिलं. ती नजर तिला नीट कळली. बायकोने मारलं हे जगात कोणाला कळू नये, एवढं तो मागत होता. त्या बदल्यात तोही तिच्यावर कसला आरोप ठेवणार नव्हता. तिने नुसती मान हलवायची होती. मग प्लास्टर सुटेल, हाड जुळेल, तो घरी चालत येईल. तक्ता भिंतीवर असेलच.

"पडले नाहीत," जयमाला म्हणाली. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट फुटत नव्हते, म्हणून तिने पुन्हा सांगितलं. "पडले नाहीत ते. मी मारलं. मुदगलाने. तीनदा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळाने सिताराम नावाचे हवालदार आले. पन्नाशीचा, थकलेला माणूस. त्यांनी तिला बाजूला बाकावर बसवलं.

"बाई, तो स्वतः पडलो म्हणतोय. तुम्ही कशाला गळ्यात घेताय? गुन्हा दाखल होईल तुमच्यावर."

"होऊ दे. पण लिहायचं तर सगळं लिहा." तिने तळवा उघडून पुढे धरला. मग सुचित्राला जवळ बोलावलं, तिचा परकर गुडघ्यापर्यंत उचलला. पोटऱ्यांवर ताजे वळ होते आणि ताज्या वळांखाली जुने.

सितारामांनी वाकून ते वळ पाहिले. "मला पण दोन मुली हायत," ते म्हणाले आणि टोपी काढून बाकावर ठेवली. "नवा कायदा आलाय बायकांसाठी. त्याखाली अजून आमच्या कोणाच्या हातून गुन्हा लिहिला गेला नाही. सांगा. पहिल्यापासून सांगा."

तिने पावट्याच्या उसळीपासून सांगितलं. दोन तास लागले.

दुसऱ्या दिवशी सिताराम घरी जबाब घ्यायला गेले तेव्हा सरस्वतीबाई म्हणाल्या, "सुनंनं मारलं. आन् लई उशिरा मारलं." त्यांनी ते तसंच लिहून घेतलं आणि म्हातारीचा अंगठा उमटवला.

पुढचं सोपं नव्हतं. तारखा पडत राहिल्या. शेवटी मारहाणीबद्दल श्यामसुंदरला शिक्षा झाली ती दंडाची, आणि जयमालाला समज देऊन सोडलं. फारकत झाली. सोसायटीतल्या बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ज्यांनी कारल्याची कृती लिहून घेतली होती त्याच म्हणायच्या, काही झालं तरी नवऱ्याचा पाय कोणी मोडतं का. भावाचं पत्र आलं नाही. अरुणा एकटी एकदा येऊन दारातच थांबली. "मला आवाज यायचे," ती म्हणाली. "मी रेडिओ मोठा करायचे." एवढं बोलून ती रडायला लागली, आणि जयमालाला तिची समजूत घालावी लागली.

नझीरने ओळखीने कोपरखैरण्याला एक खोली पाहून दिली. तुर्भ्याच्या औषधांच्या कारखान्यात जयमालाला गोळ्यांच्या पाकिटांवर काम मिळालं. जाताना तिने सासूला विचारलं, येता का.

"मी न्हाई यायची," सरस्वतीबाई म्हणाल्या. "तो उटून बसत न्हाई अजून. त्याला कोन बगनार? तसा का असंना, प्वाटचा हाय." श्यामसुंदरचा पाय पुढे कधी सरळ झाला नाही. म्हातारी आपल्या मनाने रांधायची, तेल घालून, गोड करून, आणि तो पलंगावर बसून पुढे येईल ते खायचा, असं रहिमा सांगायची.

जयमालाला वाटलं होतं की आता सुटलो. पण सुचित्रा जेवेना.

नव्या घरात कोणी काही मोजत नव्हतं. भात होता, नारळ होता, शनिवारी कोळंबी असायची. मुलगी ताटावर बसायची, शितं इकडची तिकडे करायची आणि पाणी पिऊन उठायची. मनगटाभोवती दोन बोटांचं कडं करून बघायची. तीन महिन्यांत तिच्या गालांची हाडं वर आली. जयमालाने गोड बोलून पाहिलं, शपथा घालून पाहिल्या. मुलगी म्हणायची, भूक नाही.

एके दिवशी सकाळी कामाला निघताना जयमाला डबा विसरली म्हणून परत आली. खोलीच्या मागे, मोरीच्या भिंतीआड, सुचित्रा कान धरून बैठका काढत होती. ओठ हलत होते. एकशे बारा, एकशे तेरा.

"हे काय चाललंय?"

"काल चपाती खाल्ली," मुलगी म्हणाली. "दोन."

जयमालाचा हात उठला आणि मुलीच्या गालावर बसला. जोरात बसला, बोटं उमटली. सुचित्रा रडली नाही, की मागे सरली नाही. तिने खाली पाहिलं, पुन्हा दोन्ही कान धरले आणि एकपासून मोजायला सुरुवात केली.

 जयमाला ओल्या मोरीतच खाली बसली. त्या दिवशी ती कामावर गेली नाही. बराच वेळ गेल्यावर तिने सुचित्राला जवळ बसवलं.

"ऐक. या घरात माझा हात पुन्हा उठला, तर तू उभी राहायचं नाहीस. दार उघडायचं आणि रहिमाकाकीकडे जायचं. मी हाक मारली तरी थांबायचं नाही. बसचे पैसे त्या डब्यात असतील."

"तू मारशील?" सुचित्राने विचारलं.

"माहीत नाही," जयमाला म्हणाली. 

सुचित्राला दाखवायला नेलं तेव्हा दवाखान्यातली डॉक्टरीणबाई म्हणाली, मागे लागू नका, ताटाकडे बघू नका, रांधा आणि झाकून ठेवा. ऐकायला सोपं होतं. जयमाला रोज रांधायची, झाकायची आणि दाराबाहेर पायरीवर जाऊन बसायची. कधी भांडं जसंच्या तसं मिळायचं. कधी दोन घास कमी असायचे. एकदा मुलगी शाळेत चक्कर येऊन पडली, आठवडाभर सलाईनवर होती, आणि त्या आठवड्यात जयमालाने दवाखान्याच्या संडासात जाऊन स्वतःच्या हातावर स्वतःच चावे घेतले. पण तो हात पुन्हा मुलीवर उठला नाही.

सव्वा वर्ष असं गेलं. सुट्टीत सुचित्रा चार दिवस शमीमकडे राहून आली. आली ती उन्हाने काळवंडून, चपला फेकून, घामेघूम.

"काकीने खाडीतल्या निवट्या केल्या होत्या," न विचारता तिने सांगितलं. "शमीमने मला काटे काढून दिले नाहीत. म्हणाली, तुझे तू काढ."

जयमाला तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"सकाळचा भात आहे का?"

"आहे. झाकलाय."

मुलगी आत गेली. ताट काढल्याचा आवाज आला, मग पळीचा. जयमाला सूप घेऊन पायरीवर जाऊन बसली. किती खाल्ला ते तिने पाहिलं नाही.